कूळ आणि मुदत

परसात मोरीचं पाणी जिरतं तिथे अळू माजतं. पानं खुडून नेली तरी मातीखालचा कांदा शाबूत असतो आणि त्याच्या कडेने नवे कोंब फुटत राहतात. हवाई बेटांवर शतकानुशतकं हेच अळू लोकांचं मुख्य अन्न होतं. कांद्याच्या कडेने येणाऱ्या कोंबाला तिथे ‘ओहा’ म्हणतात, आणि कुटुंबासाठीचा ‘ओहाना’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. ज्यांच्या भाषेत कुटुंब म्हणजेच मातीतून फुटलेले कोंब, त्यांना ‘ही जमीन सोडा’ असं सांगितलं गेलं, तेव्हा काय झालं?

हवाईतल्या ओआहू बेटावर काहाना नावाचं खोरं आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत सुमारे ५,२०० एकर. पाऊस मुबलक, वर अळूची खाचरं, खाली खाडीच्या तोंडाशी दगडी बांधाचं जुनं मत्स्यतळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातली बहुतेक जमीन मेरी फॉस्टर यांच्या मालकीची झाली. बौद्ध धर्मप्रसारक अनागारिक धर्मपाल यांच्या कार्याला मोठ्या देणग्या देणाऱ्या त्या दानशूर बाई. पण मालक दयाळू असला म्हणून राहणाऱ्याचा हक्क तयार होत नाही. दया मालकाबरोबर संपते. १९६०च्या दशकात हवाई राज्य सरकारने सार्वजनिक उद्यानासाठी हे खोरं संपादित केलं आणि तिथली कुटुंबं एका रात्रीत ‘उद्यानात राहणारे लोक’ झाली. कुणीही उद्यानात राहायला आलं नव्हतं. उद्यानच त्यांच्या घरी आलं होतं.

लोक हटले नाहीत. अखेर वेगळा मार्ग निघाला. माणसांसह जिवंत राहणारं उद्यान अशी कल्पना पुढे आली. १९८७ मध्ये कायदा झाला आणि १९९३ मध्ये ३१ कुटुंबांना ६५ वर्षांचे निवासी भाडेपट्टे मिळाले. अट अशी की दर कुटुंबाने महिन्याला २५ तास उद्यानासाठी द्यायचे. येणाऱ्यांना खोरं दाखवायचं, अळू कसं लावतात, जाळं कसं टाकतात ते शिकवायचं, जुनी खाचरं सावरायची.

या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. तिच्यात एक सुंदर गोष्ट आहे. आजीकडून नातवाकडे आलेल्या ज्ञानालाही मोल असतं, हे एका सरकारी कागदाने मान्य केलं. हवाई भाषेत ‘कुलेआना’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ हक्कही होतो आणि जबाबदारीही. जमिनीवर हक्क आहे म्हणजे तिची काळजी वाहायचीच, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण जबाबदारी तासांत मोजली, की तिची वही होते. २५ तास म्हणजे वर्षाला ३००, पट्ट्याच्या पूर्ण काळात घरटी १९,५००. तास कमी भरले तर कुटुंब कसूरदार. मग दुसऱ्या बाजूची वही कोण ठेवणार? पाहुण्यांना दाखवण्यासाठीचे कार्यक्रम आखणं, देखभालीला माणूस आणि पैसा देणं, कामाच्या नोंदी नीट ठेवणं, हे सरकारचं काम. त्यात दिरंगाई झाली तर सरकारला घर खाली करण्याची नोटीस येत नाही. करार दोघांचा असतो, पण गमावण्यासारखं छप्पर एकाचंच असतं. हे २००८ मध्ये उघड दिसलं. सहा कुटुंबांवर घर सोडण्याची वेळ आली, कारण नवे पट्टे देण्याचा अधिकार ज्या कायद्यात होता त्याचीच मुदत सरून गेली होती. शेजारी त्यांच्यासाठी उभे राहिले, तेव्हा ती कारवाई थांबली.

एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा. सार्वजनिक जमीन सगळ्यांची, मग मोजक्या कुटुंबांनाच तिथे घर का? ज्याला कुठेच जागा नाही अशा माणसाने हे विचारलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. पण ‘सगळ्यांचं’ हा शब्द आधीपासून असलेल्यांना वगळून सुरू होत असेल, तर तो खरा राहत नाही. आधी असणं हा विशेषाधिकार नव्हे, पण त्याची दखल न घेता न्याय होत नाही.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली आणि कोळी आदिवासी राहतात. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिल्यानंतर, ‘आम्हाला अतिक्रमण करणाऱ्यांत मोजू नका’ हे त्यांना पुन:पुन्हा सांगावं लागलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याचं कबूल केलं आणि एक शहाणी तरतूद केली. हा हक्क वारसांकडे जातो, विकता येत नाही, आणि कोणत्या तरी वर्षी आपोआप संपत नाही. अंमलबजावणीत ढिलाई भरपूर आहे, तरी तत्त्व मला योग्य वाटतं. विकता न येण्यात समाजाचं हित आहे, आणि मुदत नसण्यात माणसाची प्रतिष्ठा.

काहानातले पट्टे २०५८ मध्ये संपतील. पट्टे झाले त्या वर्षी जन्मलेलं मूल तेव्हा पासष्टीचं असेल. आयुष्यभर पाहुण्यांना खोरं दाखवलेल्या त्या वृद्धाला, आता तू कुठे जाणार, असं विचारायचं का? उत्तर २०५७ मध्ये शोधायला घेऊ नये. ते आजच ठरवायला हवं.

मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाराही कूळच. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी अनेक राबणाऱ्यांना जमिनीचे मालक केलं. पण त्याच्या कितीतरी आधी भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले होते. जो जमीन राखतो, त्याच्यामागे पिढ्या असतात आणि पुढेही पिढ्या असतात. पट्ट्यावर मुदत लिहिणाऱ्या हाताने लिहिण्याआधी एवढं आठवावं.