मांजराचा डोळा आणि साबरमतीचं वासरू

मांजरांना क्वचित होणारा एक आजार डोळ्याच्या खोबणीत सुरू होतो. मध्यम किंवा उतारवयातल्या मांजराची पापणी जाड आणि ताठ होत जाते. डोळा फिरेनासा होतो. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होते. बायोप्सीत दाहाच्या खुणा आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या तंतुमय पेशी सापडत. त्यामुळे गाठीसारखी भासणारी ही नुसती सूज आहे, असं डॉक्टर बरीच वर्षं समजत होते. त्यावर स्टेरॉइड दिली तरी आजार फारसा हटत नसे. पुष्कळदा काही महिन्यांत दुसरा डोळाही आवळला जाई, पुढे तोंडातही आजार दिसे. २०११ साली एका अभ्यासातून पुढे आलं की त्या साळसूद पेशी संथपणे पसरणाऱ्या कर्करोगाच्या आहेत. एक डोळा काढला तरी हा आजार थांबेलच असं नसतं, आणि अनेक मांजरांचा शेवट डॉक्टरांच्या इंजेक्शननेच होतो.

त्या इंजेक्शनपाशी आपल्याकडचा माणूस अडखळतो. जो प्राण आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि त्या जिवाचे भोग असतील, तर मधेच तोडणारे आपण कोण?

१९२८ साली साबरमती आश्रमात हाच पेच पडला होता. एक वासरू असह्य वेदनेत पडून होतं. उपचार केले, पण डॉक्टरांनी आशा सोडली. कूस बदलणंसुद्धा त्याला सोसवत नव्हतं. आश्रमातल्या मंडळींशी गांधीजींनी चर्चा केली. प्राण घेण्याचा हक्क नाही, हा आक्षेप तिथेच निघाला. तरीही अखेर डॉक्टरांना बोलावून, गांधीजींच्या समक्ष, विषाचं इंजेक्शन देण्यात आलं. त्यांनी ही गोष्ट स्वतः लिहून जाहीर केली आणि गुजरातेत गहजब उडाला. जैन समाजातून संतप्त पत्रं आली. गांधीजी मागे हटले नाहीत. क्रोधाने किंवा स्वार्थाने घेतलेला जीव ही हिंसा, पण दुसरा कुठलाही उपाय उरला नसताना, केवळ त्या जिवाच्या सुटकेसाठी केलेली कृती अहिंसेत बसू शकते, अशी त्यांची भूमिका होती.

या वादात जैन बाजूला कर्मठ म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. जैन परंपरेत देहत्यागाला स्थान आहे, पण उपवासाने देह सोडण्याचा संथारा माणूस स्वतः व्रत म्हणून घेतो. वासराला व्रत घेता येत नाही, मांजरालाही नाही. त्यांच्या वतीने संमती देणारा नेहमी दुसराच कुणीतरी असतो, आणि त्या दुसऱ्याच्या मनात दमणूक, खर्च, रोजचं बघवत नाही ही भावना यांपैकी काय दडलंय, हे त्याचं त्यालाही नीट कळत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही.

भोगाचा युक्तिवाद मात्र टिकत नाही. वेदना म्हणजे कर्मफळ, त्यात हात घालायचा नाही असं मानलं, तर बुबुळावर मलम लावणंही चूकच ठरेल. पण मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली ती जखमी आणि टाकलेल्या जनावरांची देखभाल करण्यासाठी. त्यांचे भोग नुसते बघत बसण्यासाठी नव्हे.

शिवाय डोळ्यांचे सगळे आजार सारखे नसतात. तरुण गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचे दोन्ही डोळे अचानक बटाट्यासारखे बाहेर आले, तर पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण अनेकदा तो डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचा दाह असतो आणि स्टेरॉइडने उतरतो. आजार उलटू शकतो, तरी कुत्रं जगतं. त्याला घाबरून दयेपोटी मारणं आणि त्या मांजराला आशेपोटी महिनोन्‌महिने कुढत ठेवणं, दोन्हीकडे हेतू चांगला आणि दोन्हीकडे यातना जनावराच्या. म्हणून हेतू शुद्ध असण्याइतकंच निदान पक्कं असणं हाही अहिंसेचाच भाग मानायला हवा. गांधीजींनी डॉक्टरांचं मत आधी घेतलं, हा त्या प्रसंगातला तपशील वादाच्या धुरळ्यात हरवून जातो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही जखमी किंवा आजारी जनावराला मारण्याचा निर्णय सहसा नुसत्या पोलिसांच्या नजरेवर सोडत नाही, पशुवैद्याचा दाखला मागतो.

दाखला हाती आला तरी दिवस कोणता, हे ठरवणं उरतंच. मांजर दुखणं लपवतं. म्हणून डॉक्टर घरच्यांना विचारतात की ते खातंय का, अंग चाटून साफ करतंय का, कोपऱ्यात दडून बसतंय का. वेळ मिळावा म्हणून कधी पापण्या काही काळ शिवून बुबुळ झाकतात. अशा प्रत्येक भेटीत मालकाला त्याच्या मांजराचं उत्तर द्यावं लागतं आणि स्वतःचं उत्तर त्यात मिसळलं नाही ना, हेही तपासावं लागतं.