डब्याची मुदत

पाया लेबार या मलय नावाचा अर्थ विस्तीर्ण दलदल असा होतो. दलदल केव्हाच बुजली. परंतु हवेतील ओल काही हटली नाही, आणि सिंगापूरच्या या भागात बिऱ्हाड थाटलेल्या माझ्या भाचीच्या घरी सकाळी तळून उघडा राहिलेला पापड सायंकाळपर्यंत सादळतो, रव्यात किडे होतात, मेतकुटाचे खडे बनतात. सबब हवाबंद डबा ही तिथे चैन नसून निकड आहे.

तिने आपली कोठी दाखवली, तेव्हा मात्र मी स्तंभित झालो. १९९७ च्या कायद्यानंतर तिथल्या नव्या घरांत काँक्रीटच्या जाड भिंतींची व पोलादी दरवाजाची एक लहानशी खोली शिरस्त्याने असते. बाँबहल्ला झाल्यास कुटुंबाने तीत आश्रय घ्यावा हा तिचा हेतू, आणि एरवी तीत सामान ठेवण्यास मुभा. तिथे जमिनीपासून छतापर्यंत डबेच डबे होते, आणि प्राणरक्षणासाठी राखलेल्या त्या जागेत प्राण सोडून बाकी सर्व काही सुरक्षित होते.

गृहस्थाने किती साठवावे? पतंजलींनी अपरिग्रहाची गणना यमांत केली. आणि भागवतात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना पोटापुरत्यावरच माणसाचा हक्क मानतो, अधिक धरणाऱ्यास चोर ठरवतो. परंतु हा निकष काटेकोरपणे लावला, तर कणगीत आणि पेवात वर्षाचे धान्य भरणारे, दुष्काळाची धास्ती घेतलेले आपले सारे पूर्वज गुन्हेगार ठरतील. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात वस्तूंची मोजदाद टाळून परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’, म्हणजे आसक्तीची भूल, या एकाच शब्दाने केली, ती म्हणूनच अधिक न्याय्य वाटते. अडचण एवढीच, की मूर्च्छित माणसाला आपली मूर्च्छा कळत नाही.

बौद्ध विनयकारांना ही अडचण ठाऊक असावी. भिक्षूच्या मनात डोकावण्याऐवजी त्यांनी पात्रालाच मुदत घातली: जादा भिक्षापात्र दहा दिवसांहून अधिक ठेवू नये, आणि जुन्याला पाच ठिकाणी सांधे पडल्यावाचून नवे मागू नये. डबा निवडताना आपण माप पाहतो, झाकण पाहतो, आत काय आहे ते बाहेरून दिसावे म्हणून पारदर्शकही घेतो. मुदतीचा विचार तेवढा राहून जातो. रितेपणाचे भय तर आपल्या भाषेतच मुरलेले आहे. घरातले तांदूळ संपले की ते ‘वाढले’ म्हणणारी माणसे आपण, रिकामा डबा आपल्याला पाहवत नाही.

आम्ही एकेक डबा बाहेर काढू लागलो. अगदी मागच्या डब्यात माझ्या बहिणीने चार वर्षांपूर्वी पाठवलेली थालिपिठाची भाजणी निघाली. डबा उत्तम होता, झाकण घट्ट होते, आणि भाजणी खवट झाली होती. “आईच्या हातची म्हणून पुरवून पुरवून वापरत होते,” ती म्हणाली. याला लोभ म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. पण ज्या प्रेमाने ती पाठवली गेली, ते प्रेम थालिपीठ होऊन पानात पडण्याऐवजी पोलादी दाराआड जपले गेले, एवढे खरे.

भाजणी टाकून तिने डबा घासला आणि पालथा घातला. तो सुकल्यावर विचारू लागली, “मामा, यात आता काय भरू?”