बुद्रुक का खुर्द?

परभणीच्या एसटी स्टँडवरून पूर्णेला जाणारी सकाळची गाडी. माझ्या पुढच्या सीटवर एक आजी. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं. "बुद्रुक का खुर्द?" आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमचंच गाव की, बाबा."

त्यांचं ते गप्प होणं माझ्या मनात राहिलं. गावात असताना ही अडचण कधी येत नाही. तिथं नाव एकच असतं आणि ते पुरतं. स्टँडवर साऱ्या गावांच्या गाड्या लागतात, तिथं ते अपुरं पडतं.

आदल्या रात्री उशिरापर्यंत मी अशाच एका अपुऱ्या नावापुढे बसलो होतो. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या एका चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहितोय. चिपसोबत आलेल्या हेडर फाइलमध्ये बॅटरीतून वाहणाऱ्या विजेच्या मोजमापाला 'करंट' असं नाव दिलेलं. योग्यच नाव. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये 'करंट' हा आधीपासूनचा मॅक्रो आहे. या क्षणी प्रोसेसरवर जे काम चालू आहे ते, असा त्याचा अर्थ. हेही नाव योग्यच. दोन्ही फाइली आपापल्या जागी निर्दोष होत्या. माझ्या ड्रायव्हरमध्ये त्या पहिल्यांदा एकत्र आल्या, आणि कंपायलर भलत्याच ओळीवर अडला. त्या ओळीत काहीही चूक नव्हती. मी ती कितीदा वाचली असेल!

मॅक्रोचा स्वभावच तसा. सी भाषेत इतर नावांना घर असतं. फंक्शनच्या आतलं नाव आतच राहतं, स्ट्रक्चरमधलं त्या स्ट्रक्चरपुरतं. मॅक्रोला घर नाही. कंपायलरनं अर्थ लावायला बसण्याआधीच प्रीप्रोसेसर फाइलीवरून फिरतो आणि मॅक्रोचं नाव दिसेल तिथं ते बदलत जातो. इथं वीज आहे की चालू काम आहे, हे तो पाहत नाही. त्याला शब्द दिसतो, संदर्भ दिसत नाही. म्हणून हेडर फाइलींचा क्रम बदलला की चूक दुसऱ्या ओळीवर जाते. नाहीशी होत नाही.

अशा वेळी एक सोपी वाट असते, 'अनडेफ'. आधीच्याचं नाव पुसायचं आणि आपलं लिहायचं. अडॅप्टेकच्या स्कझी कार्डांचा ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि लिनक्स अशा दोन्हीकडे चालायचा. 'लिस्ट हेड' हा मॅक्रो दोन्हीकडे होता, पण बीएसडीत तो दोन गोष्टी मागतो आणि लिनक्समध्ये एकच. तिथं लिनक्सचा मॅक्रो पुसूनच पुढे जावं लागलं. कधी इलाज नसतो, हे मला कळतं. तरी हेडर फाइलीत अनडेफ लिहिताना माझा हात थांबतो. त्या ओळीनंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव पुसलेलंच सापडणार, आणि का पुसलं ते त्याला कुणी सांगणार नाही.

त्याच ड्रायव्हरमधली बाकीची नावं मात्र मला फार आवडतात. जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या आधी 'एएचसी' लावलेलं. मी कुणाचा, हे आधी सांगायचं आणि मग काय करतो ते.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. गंगाखेडच घ्या. खेड कितीतरी आहेत. हे गंगेकाठचं, म्हणजे आपल्या गोदावरीकाठचं. तिथल्याच जनाबाई. अभंगाच्या शेवटी त्या नुसतं आपलं नाव सांगत नाहीत, नामदेवांची दासी म्हणून सांगतात. त्यात भक्ती आहेच. पण शतकांनंतरही त्यांचा अभंग ओळखू येतो, त्यात त्या दोन शब्दांचाही वाटा असेल. नामदेवांच्या स्वतःच्या गाथेत मात्र सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. दोघांचीही सही 'नामा'. अभ्यासक अजून ते निवडत बसलेत.

आणि ही पूर्णा, जिच्या गावाला मी चाललो होतो. अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, येलदरीच्या धरणात थांबते आणि पुढे गोदावरीला मिळते. विदर्भातली पूर्णा सातपुड्यातून येते आणि चांगदेवजवळ तापीत जाते. एकीचं पाणी बंगालच्या उपसागराला, दुसरीचं अरबी समुद्राला. काठावरचा माणूस नुसतं पूर्णा म्हणतो. त्याच्यापुढे एकच नदी असते.

गाडी शहराबाहेर आली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या हेडर फाइलीतल्या 'करंट'च्या आधी 'बॅट' लिहायला लागलो. एकेका जागी, हळूहळू. नाव थोडं लांबलं.

पुढच्या सीटवर शेजारच्या बाईनं आजींना विचारलं, "कुठं उतरायचं?" आजींनी पुन्हा नुसतं गावाचं नाव सांगितलं. बुद्रुक नाही, खुर्द नाही. बाई म्हणाली, "मी बी तिथंच."