पाठ लागली की नाही?

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवच्या मैदानावर शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. पुढे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला याच मल्लाने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी त्यांना चितपट केल्याचा निर्णय झाला होता. आपली पाठ लागलीच नाही, चित्रीकरण पाहा, असे राक्षे यांचे म्हणणे होते. त्याच दिवशी मोहोळ यांच्याशी झालेल्या अंतिम लढतीत गुणाच्या वादावरून महेंद्र गायकवाड मैदान सोडून निघून गेले. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

पंचावर हात टाकणे अक्षम्यच. पण शिक्षा झाली म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. निर्णय चुकला असे मनापासून वाटत असताना मल्लाने तो का मानावा?

चितपटीचा नियम वाचायला सोपा आहे. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकून क्षणभर तसेच दाबलेले राहिले पाहिजेत. मात्र हे पाहायचे असते दोन धिप्पाड देहांच्या गुंत्यात. वरच्याचा दंड खालच्याचा खांदा झाकतो, तेवढ्यात खालचा पुलावर उठतो. म्हणूनच चितपट एकट्या रेफरीच्या शब्दावर ठरत नाही, सहकारी पंचाची संमती लागते. पंचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या समाजानेही देवाचा वास एका तोंडात मानला नव्हता. एका माणसाच्या नजरेची मर्यादा त्या श्रद्धेने आधीच ओळखली होती.

या प्रश्नाला धाराशिव जिल्ह्यातच एक जुने उदाहरण सापडते. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. संत जमले असताना मुक्ताबाईंनी मडकी ठोकण्याचे थापटणे पाहिले आणि आमच्यातले कोणते मडके कच्चे ते सांगा म्हटले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे.

नामदेवांना तो निकाल पटला नाही. त्यांनी थेट पंढरपुरात विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. देवाने निकाल कायम ठेवला, पण गाऱ्हाणे मांडल्याचा राग धरला नाही. उलट गुरू म्हणून विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट दाखवली. दाद मागणाऱ्याला वारकरी परंपरेने अश्रद्ध ठरवले नाही. नामदेवांचे नाव आजही ज्ञानोबांच्या बरोबरीने घेतले जाते.

इथे निदान निकाल बरोबर होता. जिथे पंच खरोखरच चुकतो, तिथे काय? २ जून २०१० रोजी अमेरिकेत डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज आर्मांडो गॅलारागा याने सलग २६ फलंदाज बाद केले होते. बेसबॉलमध्ये सर्वच्या सर्व २७ बाद करणे हा दुर्मीळ पराक्रम. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉयस यांनी त्याला सुरक्षित ठरवले. सामन्यानंतर चित्रीकरण पाहून जॉयस यांनी रडत चूक कबूल केली. निकाल तरीही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी गॅलारागाने स्वतः मैदानात जाऊन त्यांच्या हाती संघाची यादी दिली.

गॅलारागाने निर्णय पाळला, पण तो खरा होता असे कुणी त्याच्याकडून वदवून घेतले नाही. मल्लाकडूनही एवढेच मागता येते. खेळ चालावा म्हणून तो पंचाचा शब्द पाळेल. पंच सर्वज्ञ आहे असे मानण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. आणि तो शब्द पाळत असेल, तर दाद मागायची जागा त्याला मिळायलाच हवी.

ही जागा उभी करायला फार खर्च लागत नाही. आखाड्याच्या दोन बाजूंना कॅमेरे, आक्षेप ऐकायला लढतीशी संबंध नसलेले जाणकार आणि त्यांनी कारणांसह दिलेला लेखी निकाल. हे सगळे राज्य स्पर्धेत हवेच. गावोगावच्या यात्रांतल्या कुस्त्यांच्या फडातही पहिली जोड लागण्याआधी आक्षेप कोणाकडे न्यायचा, हे मल्लांना सांगून ठेवता येईल.