झुंजीचे रक्त

पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात मी एक पाप केले. दोन हुशार मुलांना एकमेकांवर घातले. "तो तुझ्या पुढे गेला बरे का!" असे एकाच्या कानी लागायचे, तेच दुसऱ्याच्या. दोघांचे गुण वाढले; मी खूश. मग वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एकाने दुसऱ्याची वही विहिरीत टाकली. मी छडी उगारून ओरडलो, "मूळचाच भांडखोर तू!"

असील कोंबड्याविषयी वाचताना हे आठवले. 'असील' हा अरबी शब्द, अर्थ कुलीन. आपला 'अस्सल' त्याचाच भाऊबंद, आणि वकिलाचा 'अशील'ही त्याच कुळीतला. पक्षी मात्र आपल्याच देशातला. आंध्रात, बस्तरात नांदणारा. मान उंच, चाल ताठ, पिसे घट्ट, तुरा चिमुकला. गोदावरीच्या मुलखात संक्रांतीला त्याच्या पायाला सुरी बांधून झुंजवितात. १९६० च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, तरी शौक सुटत नाही.

शौकीन म्हणतात, "आम्ही काय करतो? लढणे त्याचा स्वभावच!" खरे आहे, त्याची पिलेदेखील झुंजतात. पण हा स्वभाव घडविला कुणी? जो पळाला त्याचा वंश खुंटविला, जो लढला त्याचा वाढविला, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आधी स्वभाव आपण घडवायचा आणि मग त्यालाच साक्षीला उभे करायचे! या वकिलीत अशील कोंबडा नव्हे, आपणच.

त्याच रक्ताची कोंबडी पाहा. अंडी थोडी घालते, पण खुडूक बसली की परक्याचीही उबविते आणि पिलांसाठी जिवावर उदार होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये असीलाचा संकर तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी झाला. 'इंडियन गेम' निपजला. लढायला यथातथाच, पण छाती भरदार. आजच्या ब्रॉयलरच्या अंगात त्याचे रक्त आहे. म्हणजे रक्त तेच. कुठे रिंगणात, कुठे ताटात. ब्रॉयलरला तर आयुष्यही जेमतेम सहा आठवड्यांचे. कोंबड्याला दोन्हीकडे कुणी विचारले नाही. निवड आपली, म्हणून जबाबदारीही आपलीच.

त्या दोन मुलांना मी पुढे एका बाकावर बसविले. एकाने गणित सोडवायचे, दुसऱ्याने ते वर्गाला समजावून सांगायचे. जिवलग झाले असे म्हणणार नाही; पण विहिरीत पुन्हा वही पडली नाही. आणि कुणा मुलाला 'मूळचाच' म्हणण्यापूर्वी मी आजही क्षणभर थांबतो.