क्षितिज आपल्या डोळ्यांइतकं उंच

चित्रकलेचं पुस्तक वाचून संपत नाही, वापरून संपतं. पानावर पेन्सिलीचा एकही डाग नसेल तर ते अजून उघडलेलंच नाही.

१८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच वर्षी इंग्लंडात जॉन रस्किनचं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ निघालं. जे. जे.मध्ये साउथ केन्सिंग्टनचं वळण आलं: आधी नमुना, मग त्याची हुबेहूब नक्कल. रस्किनला ते वळण पसंत नव्हतं. तो शिकणाऱ्याला सरळ बाहेर पाठवतो. रस्त्यावरचा एक गोलसर दगड आण, फार पांढरा नको, फार काळाही नको, आणि त्याची गोलाई कागदावर उतरव.

वसईच्या किल्ल्यात हा धडा अडतो. आपला दगड काळाच. त्याच्यावरची सावली शोधायला डोळे किलकिले करून बराच वेळ बसावं लागतं. मग काळ्यातले काळे सुटे होतात. उन्हाकडची कड राखाडी, पोटाकडचा भाग निळसर, आणि पावसाळ्यातलं शेवाळ वाळलं असेल तिथे मातकट हिरवा. पुस्तकातला सोयीचा दगड इथे सापडत नाही, हे वसईच्या मुलांचं भाग्य मानतो मी.

यथार्थदर्शनाच्या प्रकरणाशी मात्र बहुतेकांची पुस्तकं मिटतात. पुण्याच्या मिलिंद मुळीकांनी या एका विषयावर स्वतंत्र पुस्तक केलं, ही मोठी सोय झाली. तरी ठोकळे, रेषा, लोपबिंदू पाहून पुष्कळांना हे गणित वाटतं आणि ते जलरंगांच्या पानांकडे पळतात.

त्यांनी ओहोटीच्या वेळी कळंबच्या किनाऱ्यावर जावं. सपाट वाळूवर उभं राहून माणसं पाहावीत. जवळचा माणूस मोठा, दूरचा बोटभर. पण आपल्याच उंचीचे असतील तर सगळ्यांचे डोळे समुद्राच्या रेषेवरच येतात. आता वाळूत बसावं. रेषा आपल्याबरोबर खाली उतरते आणि त्याच माणसांना कमरेखाली छेदते, जवळच्यालाही तिथेच, दूरच्यालाही तिथेच. चित्रात गर्दी काढताना पाय कुठे टेकवायचे हा प्रश्न इथे सुटतो. क्षितिज समुद्राचं नसतं, पाहणाऱ्याचं असतं. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते, म्हणून ती वाचली जाते आणि पाहायची राहून जाते.

अँड्र्यू लूमिसचं मानवाकृतीवरचं पुस्तक १९४३चं. त्याचा आदर्श पुरुष आठ डोक्यांचा: हनुवटीपर्यंतचं डोकं हे माप धरायचं आणि तेच आठ वेळा खाली मोजायचं. विरार लोकलमध्ये असा माणूस भेटत नाही. तिथे साडेसहा-सात डोक्यांची माणसं असतात, दिवसभराच्या कामानं वाकलेली. गर्दीत तर खांद्यापर्यंतच दिसतात, आणि वर कडी धरलेला हात. म्हणून लूमिस खोटा ठरत नाही. आठाचं माप हाताशी असलं की समोरच्या मावशी किती डोक्यांच्या, आणि पाटीच्या वजनानं त्यांची मान कुठे आखडली, ते मोजता येतं. माप पाठ करायचं ते मोडलेलं कुठे ते कळावं म्हणून. हे न सांगता नुसती पायरी-पायरीनं माणूस काढायला लावणारी पुस्तकं मुलांच्या हाती देऊ नयेत, असं मला फार वाटतं.

याहून अधिक काळजी एलिमेंटरीच्या गाईडांची वाटते. कला संचालनालयाच्या या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय बाजाराचा, सणाचा, खेळाच्या मैदानाचा. मुलाने पाहिलेलं आठवावं एवढीच अपेक्षा. गाईडात तयार फळवाली मिळते. मुलं तीच पाठ करतात आणि बाजारातही तीच बसवतात, जत्रेतही तीच. स्मरण होतं ते पानाचं. ज्यांच्या आज्या केळी नि भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेची गाडी पकडत होत्या, त्या घरांतली मुलं छापील फळवाली गिरवतात.

परीक्षेच्या आधी एका सकाळी मुलाला वसईगावच्या बाजारात न्यावं. कागद न्यायचा नाही. सुकेळी विकणाऱ्या बाईंसमोर थोडं थांबावं, त्यांना दाम देऊन एक जुडी घ्यावी. घरी आल्यावर गाईड बाजूला ठेवून विचारावं: त्यांनी पदर कसा खोचला होता? तराजू कोणत्या हातात होता? बसल्या होत्या त्या पाटावर की उकिडव्या? आठवेल तेवढं त्याने काढावं. आठवणार नाही तिथे कागद कोरा सोडावा, आणि पुढच्या सकाळी तेवढंच पाहायला पुन्हा जावं.