आधी आजार, की आधी कुत्रा?

महाभारतात कुत्रा दोनदा मोक्याच्या जागी येतो. आदिपर्वात, मुख्य कथा अजून सुरूही झालेली नसते तेव्हा, जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. सरमा येऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कोणीच उत्तर देत नाही, आणि मग तिचा शाप येतो. दुसरा कुत्रा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला.

आजीनं सांगितलेल्या या दुसऱ्या गोष्टीत एक प्रश्न गाळलेला होता. तो मला पुष्कळ उशिरा, भाषांतर वाचताना सापडला. इंद्र विचारतो, भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग या कुत्र्याचाच एवढा आग्रह का? युधिष्ठिराचं उत्तर वकिलाला शोभावं इतकं नेमकं आहे. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे. जगातल्या बाकीच्या कुत्र्यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण झाली एक तपकिरी कुत्री. मी एम.एस. करायला अमेरिकेत आलो, इथेच आयटीत रुजलो, आणि गेली काही वर्षं शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या गावाजवळच्या शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जातो. (बायकोच्या मते घरातलं गवत कापायचं टाळण्याचा हा प्रतिष्ठित मार्ग आहे. असो.) दक्षिणेकडच्या राज्यांत भटकी कुत्री जास्त आणि घरं कमी, म्हणून तिकडची शेल्टर्स व्हॅन भरून कुत्री आपल्याकडे उत्तरेत पाठवतात. ही जॉर्जियाहून आली, म्हणून तिचं नाव पीच ठेवलं. वय पाच-सहा. पिंजरा उघडला की बाकीची कुत्री अंगावर झेपावतात. ही दोन पावलं मागे सरकून तुम्हाला आत यायला जागा करून द्यायची आणि मग गुडघ्याला डोकं टेकवून उभी राहायची. भुंकणं नाही, उड्या नाहीत. त्यामुळे पिंजऱ्यांसमोरून जाणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षच जायचं नाही. आणि ज्यांचं जायचं, ते कार्डावरचे लाल शब्द वाचून पुढे सरकायचे : हार्टवर्म पॉझिटिव्ह.

हा आजार डासांमुळे होतो. चावताना सूक्ष्म अळ्या शरीरात जातात, सहाएक महिन्यांत त्यांचे शेवयांसारखे लांबलचक जंत होतात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत व हृदयात ठाण मांडतात. पाच ते सात वर्षं जगतात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेट होत नाही. दर महिन्याला एक गोळी दिली तर टळतो. (या गोळीत बहुधा असतं ते आयव्हरमेक्टिन. त्याच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, तेही माणसांच्या रोगांवरच्या उपयोगासाठी.) एकदा झाला की मात्र आधी महिनाभर औषधं, मग थांबून कमरेच्या स्नायूंत आर्सेनिकयुक्त औषधाची तीन इंजेक्शनं : एक आधी, आणि महिन्याभरानं लागोपाठच्या दोन दिवशी दोन. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकू शकतात, म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतरही दीड-दोन महिने सक्त विश्रांती. पळणं नाही, जिना नाही, खेळणं नाही. दिवसभर भुंकाभुंकी चालणाऱ्या शेल्टरमध्ये अशी विश्रांती मिळणं अशक्यच. म्हणजे घर मिळाल्याशिवाय उपचार नाहीत, आणि उपचारांशिवाय घर नाही.

मी मंडळातल्या ओळखीच्या घरी फोन सुरू केले. नकारांची कारणं तुम्हाला पाठ असतील : डिसेंबरात भारतात जायचंय; सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत आणि त्यांचं सोवळं आहे; अपार्टमेंटच्या करारात कुत्रा चालत नाही; मुलांचे क्लासेस. एकही कारण मला खोटं वाटलं नाही. नीट विचार करून दिलेला नकार हा उत्साहात दिलेल्या होकारापेक्षा कुत्र्याच्या जास्त हिताचा असतो. नाताळात हौसेनं नेलेली आणि उन्हाळ्यात परत आणून सोडलेली कुत्री मी पाहिली आहेत.

खरा पेच निघाला तो जाहिरातीच्या मजकुरावर. माझ्याबरोबरची एक स्वयंसेविका म्हणाली, फोटो टाका, स्वभाव लिहा, लोकांना भेटायला येऊ द्या. आजार भेटल्यावर सांगू. आपण खोटं कुठे बोलतोय? फक्त क्रम बदलतोय. सल्लागाराच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा क्रम फार ओळखीचा आहे. डेमो आधी, उणिवांची यादी सह्या झाल्यावर. युधिष्ठिरालासुद्धा ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना शब्दशः खोटं बोलावं लागलं नव्हतं.

पण तिच्या म्हणण्यात दम होता, हे मानायला हवं. आजार पहिल्या ओळीत टाकणं हेही तटस्थ नसतं. ‘जंत’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्वतःची मुलं आणि स्वतःचा गालिचा येतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहतं ते खोटंच. मग खरं सांगितलं म्हणायचं कशाला?

मी माझ्यापुरता निकष ठरवला तो असा : सत्य वेळेवर पोचलं का, याची खूण म्हणजे ऐकणाऱ्याला अजून मोकळेपणानं ‘नाही’ म्हणता येतं का. आठ वर्षांच्या मुलीनं कुत्रीच्या गळ्यात हात टाकले की तिच्या आईबापांचा नकार संपलेला असतो. त्यानंतर दिलेली माहिती ही माहिती राहत नाही, तो दबाव होतो. म्हणून आजार पहिल्याच वाक्यात लिहिला. पण नुसतं नाव लिहून थांबलो नाही. किती इंजेक्शनं, किती महिने, काय करायचं नाही, लागण होत नाही, उपचारांचा खर्च शेल्टर करणार, आणि धोका शून्य नाही, हे सगळं लिहिलं. स्वभाव शेवटी. मजकूर लांबला, उत्तरं मोजकी आली.

त्यातलं एक उत्तर मंडळातल्या एका काकांचं होतं. प्रश्न अपेक्षितच : हजार डॉलरच्या वर एका कुत्रीवर? तेवढ्यात गावाकडच्या शाळेत काय काय होईल! यावर ‘तुमच्या क्रूझच्या वेळी हा हिशेब कुठे होता’ असं तोंडाशी येतं, पण ते उत्तर नव्हे, उट्टं आहे. काकांच्या बाजूनं बोलणारी माणसं लहान नाहीत. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७५ साली ‘अॅनिमल लिबरेशन’ लिहून प्राण्यांच्या दुःखाला माणसाच्या दुःखाशेजारी बसवलं. त्याच सिंगरनं त्याआधी १९७२ साली दुष्काळावरच्या निबंधात मांडलं होतं की दूरचं मूल आणि जवळचं मूल यांत नैतिक फरक नाही. त्याच्या हिशेबात पीच बसवणं अवघड आहे. आणि शेल्टरच्या आतही गणित सुटत नाही : ती अडवून बसलेला पिंजरा रिकामा झाला असता तर जॉर्जियाहून एक निरोगी कुत्रा येऊ शकला असता. अमेरिकेतल्या शेल्टर्समध्ये २०११ साली अंदाजे २६ लाख कुत्री-मांजरं मारली जात. २०१९ मधल्या अंदाजानुसार हा आकडा नऊ लाख वीस हजारांवर आला होता. घटला, संपला नाही. व्हॅनमध्ये जागा न मिळणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

काकांच्या हिशेबात एकच गोष्ट मला पटत नाही : दया ही टाकीतल्या पाण्यासारखी असते, इकडे वापरली की तिकडे कमी पडते, हे गृहीतक. न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली हेन्री बर्ग यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध संस्था काढली. १८७४ साली मेरी एलन नावाच्या मुलीचे घरात अतोनात हाल होत होते, तेव्हा तिला सोडवू पाहणारी बाई शेवटी बर्ग यांच्याकडेच आली. मुलगी सुटली, आणि त्यातूनच मुलांसाठीची तशी संस्था उभी राहिली. कुत्र्या-घोड्यांपासून सुरू झालेली वाट मुलांपर्यंत गेली.

तरी एक टोचणी राहतेच. मी पीचसाठी धडपडलो ते ती आजारी होती म्हणून, की गरीब स्वभावाची होती म्हणून? तिच्या शेजारच्या पिंजऱ्यात भीतीनं दात दाखवणारा एक काळा कुत्रा होता. त्याच्यासाठी मी एकही फोन केला नाही, आणि करणारही नव्हतो. लहान मुलं असलेल्या घरांत तो देणं चूकच ठरलं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश सौम्य केला, तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटात जुंपली होती. ज्या आईचं मूल रेबीजनं गेलं, तिला भूतदया शिकवायला मी जाणार नाही. पण सौम्यपणा ही आश्रयाची अट झाली, तर घाबरलेल्याचं काय, याचं उत्तर मला युधिष्ठिराकडेही सापडलेलं नाही. त्याच्या मागे आलेला कुत्रा चावरा नव्हता.

पीचला घर मिळालं ते आपल्यातच. एका ताईंचा फोन आला : “आमच्याकडे बाबा दिवसभर एकटेच असतात.” बाबा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. मजकूर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला होता. मला त्यांनी एवढंच विचारलं, “मला तीन महिने सांभाळून राहायला लावलं होतं. हिला किती?” कुत्री स्वयंपाकघरात येणार नाही, ही त्यांची अट; उंबरा नसलेल्या त्या घरात त्यांनी फरशीवर चिकटपट्टी लावून रेघ आखली, आणि पीच ती पाळते.

तिन्ही इंजेक्शनं झाली. दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी चार दिवस ती खूप खोकली. आजोबा रात्री तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते, असं ताई म्हणाल्या. त्यांनी शंभर पानी वही घातली आहे, शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखून : तारीख, खोकला, श्वास, जेवण. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ताज्या पानावर ‘खोकला – निरंक’ असं लिहिलेलं होतं. जंत गेले की नाही हे सांगणारी रक्ततपासणी मार्चमध्ये आहे.